भरवसा तोलून घ्यावा

आमच्या वसाहतीतील एक निवृत्त शिक्षक मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने आजारी पडले. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली आणि पुढे दर पंधरा दिवसांनी केमोथेरपी सुरू झाली. या उपचारात एक औषध असे असते, की ते शिरेतून एकदम न देता सलग ४६ तास थेंबाथेंबाने द्यावे लागते. त्यासाठी रुग्णाला दोन दिवस खाटेवर झोपवून ठेवण्याचे दिवस आता मागे पडले. गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसविलेल्या ‘पोर्ट’ला एक छोटा पंप जोडून देतात, तो कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवतात आणि रुग्ण आपल्या घरी जातो. गुरुजीही घरी आले. वसाहतीच्या बागेतील बाकावर बसून ते वर्तमानपत्र वाचत आणि कोणी विचारले तर पिशवीवर हात ठेवून म्हणत, “हा माझा नवा विद्यार्थी. बोलत काही नाही, पण काम करतो.”

तिसऱ्या खेपेस मात्र तो विद्यार्थी काम करीना. शुक्रवारी दुपारी तीन वाजता जोडलेला पंप रविवारी दुपारी एकच्या सुमारास रिकामा व्हावयास हवा होता. रविवार संध्याकाळ झाली, रात्र झाली, तरी आतील फुगा भरलेलाच. गुरुजींच्या मुलीने रुग्णालयात दूरध्वनी केला. “थोडे पुढेमागे होते, वाट पाहा” असे उत्तर मिळाले. सोमवारी सकाळी, म्हणजे जोडल्यापासून ६६ तासांनी, ती वडिलांना घेऊन रुग्णालयात गेली, तेव्हाही पंपात औषध शिल्लक होते. परिचारिकेने तो काढला, पिवळ्या पिशवीत टाकला आणि पुढच्या रुग्णाकडे वळली. मुलीने विचारले, की यात किती औषध उरले होते? मोजलेले नव्हते. पंप कोणत्या खेपेतला होता, हे कोठे नोंदले आहे काय? नाही. तो इथल्या कपाटात किती महिने पडून होता? ते औषध भांडाराला ठाऊक. औषध भांडाराचे उत्तर असे, की पंप सीलबंद होता, त्याची मुदत संपलेली नव्हती, सबब तो चांगलाच असला पाहिजे.

त्या रुग्णालयाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. एक तर तेथील डॉक्टर व परिचारिका मनापासून काम करणारी माणसे आहेत. आणि दुसरे म्हणजे, हेच प्रश्न घेऊन आपण आपल्या गावातील दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात गेलो, तर उत्तरे फारशी वेगळी मिळतील असे मला वाटत नाही. ‘सीलबंद आहे, म्हणजे चांगले आहे’ हा समज आपल्या अंगवळणी पडला आहे. या लेखात मला त्या समजाविषयीच लिहावयाचे आहे.

प्रथम हा पंप म्हणजे काय ते पाहू. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे पंप निराळे. गुरुजींच्या गळ्यात होता तो अगदी साधा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक कवचात एक रबरी फुगा. सिरिंजने जोर लावून त्यात औषध भरावयाचे. फुगा ताणला जातो, पुन्हा आकसू पाहतो आणि त्या आकसण्याच्या दाबाने औषध नळीत ढकलले जाते. फुग्याचा दाब माणसाच्या शिरेतील दाबापेक्षा कितीतरी अधिक, त्यामुळे तो मोकळा सोडला तर सारे औषध बघता बघता शरीरात जाईल. ते जाऊ नये म्हणून नळीच्या एका टोकाशी केसासारख्या बारीक छिद्राची एक काच वा प्लॅस्टिकची नलिका बसविलेली असते. ती प्रवाहाला अडवते. ताशी पाच मि.ली. हवे असेल तर त्या मापाची नलिका, ताशी दोन हवे असेल तर त्या मापाची. ताशी पाच मि.ली.प्रमाणे ४६ तासांत २३० मि.ली. जातात. इतकाच हिशेब. यात ना बटण, ना आकडे, ना गजर. किंमत विजेच्या पंपाच्या मानाने कमी, वापर एकदाच, मग विल्हेवाट.

साधेपणा हा या पंपाचा मोठा गुण आहे, हे कॅनडातील एका दुर्घटनेवरून ध्यानात येईल. एडमंटन शहरातील क्रॉस कॅन्सर इन्स्टिट्यूट या नामांकित संस्थेत ३१ जुलै २००६ रोजी ४३ वर्षे वयाच्या एका महिलेला फ्लुओरोयुरॅसिल हे, गुरुजींना दिले जात होते तेच, औषध विजेच्या छोट्या पंपातून देण्यात आले. ५,२५० मिलिग्रॅम औषध चार दिवसांत जावयाचे होते. दर २४ तासांना २८.८ मि.ली., म्हणजे ताशी १.२ मि.ली. हा त्याचा वेग. पंपात आकडा भरताना २४ ने भागावयाचे राहून गेले आणि ताशी २८.८ हा वेग भरला गेला. दुसऱ्या परिचारिकेने पडताळणी केली. पण तिला गणकयंत्र सापडले नाही, म्हणून तिने मनाशी व कागदाच्या चिटोऱ्यावर आकडेमोड केली, आणि लेबलावर २८.८ हा आकडा छापलेला दिसल्यावर तिचे समाधान झाले. चार दिवसांचे औषध चार तासांत शरीरात गेले. पंप रिकामा झाल्याचे त्या महिलेच्याच लक्षात आले. त्या काळी या औषधाच्या अतिमात्रेवर मान्यताप्राप्त उतारा नव्हता. २२ ऑगस्ट रोजी तिचा मृत्यू झाला.

पुढे काय झाले, ते अधिक महत्त्वाचे. संस्थेने प्रकरण दाबून टाकले नाही. ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस कॅनडा’ या बाहेरच्या संस्थेला बोलावून साऱ्या घटनाक्रमाची चिकित्सा करून घेतली आणि तो अहवाल २००७ मध्ये जगासमोर ठेवला. लेबलावर कोणता आकडा कोठे छापावा, पडताळणी कशी करावी, पंप कोणत्या प्रकारचा असावा, अशा प्रत्येक गोष्टीचा त्यात ऊहापोह होता. आज मी हे लिहू शकतो, ते तो अहवाल उघड असल्यामुळेच. आपल्याकडील एखाद्या अशा प्रकरणाचा इतका तपशील मला देता आला असता, तर मी कॅनडात गेलोच नसतो.

आकड्यांच्या गोंधळाचे हे एकच उदाहरण नव्हे. ब्रिटनमध्ये एकाच बनावटीचे दोन सिरिंज पंप वर्षानुवर्षे वापरात होते. दिसावयास जुळ्या भावांसारखे. एकाचा वेग ताशी मिलिमीटरमध्ये, तर दुसऱ्याचा २४ तासांना मिलिमीटरमध्ये. एक निळा, दुसरा हिरवा. थकलेल्या डोळ्यांना रात्री तीन वाजता निळे-हिरवे किती कळणार? अखेर डिसेंबर २०१० मध्ये तेथील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने पाच वर्षांच्या आत हे पंप बदलण्याची सूचना काढली. अमेरिकेत २००५ ते २००९ या पाच वर्षांत औषध सोडणाऱ्या पंपांविषयी सुमारे ५६,००० तक्रारी सरकारी यंत्रणेकडे नोंदविल्या गेल्या आणि ८७ वेळा पंप बाजारातून परत मागविण्याची वेळ आली.

अशा पार्श्वभूमीवर आकडे न विचारणारा फुग्याचा पंप सर्वांना हवाहवासा वाटला यात नवल नाही. त्यात चूक करावयास जागा नाही. पण चूक झाली तर ती सांगावयास त्याला तोंडही नाही! विजेचा पंप निदान कर्कश आवाज तरी करतो. फुग्याचा पंप मुकाट्याने हळू चालतो किंवा मुकाट्याने वेगाने रिकामा होतो. आणि त्याचा वेग ज्या गोष्टींवर ठरतो, त्यांतील बऱ्याच गोष्टी कारखान्यात नव्हे, तर रुग्णालयाच्या कपाटात आणि रुग्णाच्या घरात घडतात.

शाळेत पदार्थविज्ञान शिकलेल्यांना प्वाझयेचा नियम स्मरत असेल. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा वेग नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी झाली, तर प्रवाह दहा टक्के नव्हे, सुमारे चौतीस टक्क्यांनी घटतो. औषधाचा एखादा सूक्ष्म स्फटिक किंवा हवेचा बुडबुडा त्या नलिकेत अडकला तर काय होईल, याची कल्पना यावरून यावी. फ्लुओरोयुरॅसिल थंडीत ठेवले तर त्याचे स्फटिक बनतात, म्हणून ते शीतकपाटात ठेवू नये असा दंडक आहे. सगळीच औषधे थंड जागी चांगली राहतात, असे समजणाऱ्या एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याला हे कोणी सांगितले आहे काय?

त्याच नियमात द्रवाचा दाटपणाही येतो. मध थंडीत दाटतो, उन्हाळ्यात पातळ होतो. पाण्याचेही थोड्या प्रमाणात तसेच आहे. पंपाचे निर्माते आपली नलिका साधारणतः त्वचेच्या तापमानाला, म्हणजे ३१ ते ३३ अंश सेल्सिअसला, जुळवून घेतात आणि ती चिकटपट्टीने अंगाला घट्ट चिकटवून ठेवावयास सांगतात. एका अंशाच्या फरकाने वेग सुमारे दोन-तीन टक्के बदलतो. आता असे समजा, की मुंबईतील रुग्णालयातून पंप लावून मे महिन्यात कोणी चंद्रपूरला वा अकोल्याला निघाला. घामाने चिकटपट्टी सुटली, नलिका सदऱ्यावर लोंबू लागली आणि बाहेर ४५ अंशांचा पारा. पाण्याच्या दाटपणाचे आकडे घेऊन हिशेब केला, तर ४६ तासांचे औषध ३६ तासांत संपेल. उलट वातानुकूलित डब्यात वीस अंशांच्या गारव्यात ती तशीच लोंबत राहिली, तर तेच औषध साठ तास पुरेल. कारखाना निर्दोष, पंप निर्दोष, तरीही हे अंतर!

शिवाय औषध मिठाच्या पाण्यात मिसळले की ग्लुकोजच्या, यानेही फरक पडतो. पाच टक्के ग्लुकोजचे पाणी सुमारे दहा टक्के सावकाश वाहते. पंप पूर्ण क्षमतेपेक्षा कमी भरला तर वेग वाढतो, जास्त भरला तर घटतो. पंप छातीच्या पातळीला आहे, उशीखाली आहे की खाटेखाली सरकला आहे, याचाही थोडाबहुत परिणाम होतो. निर्माते स्वतःच दहा ते पंधरा टक्क्यांची सूट मागून घेतात. या सगळ्याची बेरीज एकाच दिशेने झाली, तर सूट कोठल्या कोठे जाते.

या साऱ्यात भर पडते ती साठवणुकीची. रबर ही जिवंत नव्हे, तरी वयपरत्वे बदलणारी वस्तू आहे. कपाटात विसरलेली रबरबँडे चिकट होतात, ओढली की तुटतात; वाढदिवसाचा फुगा दुसऱ्या दिवशी मलूल पडतो. पंपातील फुगा त्याहून फार उच्च प्रतीच्या रबराचा वा सिलिकॉनचा असतो, हे मान्य. परंतु ऊन, उष्णता आणि ओझोन यांचे रबराशी असलेले वैर त्याने संपत नाही. त्यातून काही रुग्णालयांत सोयीसाठी पंप आधीच भरून ठेवतात. ताणलेले रबर जितका काळ ताणलेले राहील, तितका त्याचा आकसण्याचा जोर ओसरतो, म्हणजे भरून ठेवलेला पंप ताज्या भरलेल्या पंपापेक्षा हळू चालू शकतो. पाकिटावरील मुदतीची तारीख काही ठरावीक परिस्थिती गृहीत धरून छापलेली असते. ती परिस्थिती आपल्या भांडारात आहे का? पत्र्याच्या छपराखालील, पंखा नसलेल्या, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येणाऱ्या ज्या खोल्यांना आपण औषध भांडार म्हणतो, त्या मी पाहिल्या आहेत. औषधांसाठी तेथे निदान शीतकपाट तरी असते. पंप मात्र ‘सामान’ या सदरात मोडतात आणि सलाईनच्या खोक्यांमागे रचले जातात.

मग रुग्णालयाने करावयाचे काय? ते फार अवघड नाही. साठ्यातून एखाददुसरा पंप घ्यावा, औषधाऐवजी नुसते मिठाचे वा ग्लुकोजचे पाणी भरावे, नलिका ३२ अंशांच्या स्थिर उष्णतेत ठेवावी आणि बाहेर पडणारे पाणी झाकलेल्या भांड्यात जमा करून ठरावीक तासांनी त्याचे वजन करावे. पाण्याचे एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मि.ली. ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखविणारा तराजू, एक उबवणयंत्र आणि एक वही. पंपांची नवी खेप आली की एकदा, आणि भांडारात एक उन्हाळा काढला की पुन्हा एकदा. विजेच्या पंपांची तऱ्हा वेगळी. ते कपाटात पडून राहिले की त्यांची बॅटरी उतरते, आणि काहींच्या स्मरणात मागच्या रुग्णाचे आकडे तसेच राहतात. त्यांना ठरलेल्या काळाने बाहेर काढून, भारित करून, मोजून पाहावे लागते. विजेवर न चालणाऱ्या अशा पंपांच्या कसोट्यांसाठी आयएसओ २८६२० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१० पासून उपलब्ध आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पंप एकदाच वापरता येतो. तपासला म्हणजे वाया गेला. गरीब रुग्णासाठी देणगीतून घेतलेला पंप पाणी भरून वाया घालवावयाचा काय? दुसरा आक्षेप त्याहूनही बिनतोड आहे. शंभर पंपांत पाच सदोष असतील आणि आपण दोनच तपासले, तर दोष हाती लागण्याची शक्यता दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तपासणी करूनही नव्वद वेळा आपण ‘सर्व ठीक’ असेच लिहिणार. नमुना तपासणीने सगळ्या खेपेतच शिरलेला बिघाड कळतो, साठवणुकीने आलेला मंदपणा कळतो; एखाददुसरा नाठाळ पंप तिला सापडत नाही.

म्हणून माझा आग्रह दुसऱ्या एका तपासणीसाठी अधिक आहे. तिला एकही पंप खर्ची पडत नाही. दर पंधरवड्याला, प्रत्येक रुग्णाच्या गळ्यात, प्रत्येक पंपाची परीक्षा चाललेलीच असते. आपण फक्त तिचा निकाल लिहून ठेवीत नाही. औषध भरल्यावर पंप तोलावा. जोडल्याची वेळ लिहावी. काढल्याची वेळ लिहावी. काढलेला पंप पिवळ्या पिशवीत, सीलबंद करून, पुन्हा तोलावा. दोन वजनांतील फरक म्हणजे शरीरात गेलेले औषध, त्याला तासांनी भागले की वेग. पंप लवकर रिकामा झाला तर नेमकी वेळ एकट्या रुग्णालाच ठाऊक असते, म्हणून त्याच्या हाती एक छापील पत्रक द्यावे : फुगा पूर्ण बसल्याचे किती वाजता पाहिले, चिकटपट्टी सुटली होती काय, प्रवास केला काय. पंपाचा खेप क्रमांक त्यावर असावा, आणि तो भांडारात कधी आला ती तारीखही. हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण हे विषारी औषध आहे आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार त्याची विल्हेवाटही वेगळी लावावयाची असते. एवढे पथ्य सांभाळले तर वर्षभरात त्या वहीत जे जमा होईल, ते परदेशी कंपनीच्या कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही : आपल्या उन्हाळ्यात, आपल्या प्रवासात, आपल्या भांडारातून आलेला हा पंप कसा वागतो.

वहीत वेळ का लिहावयाची, नुसते मध्येच पाहून का भागत नाही, असेही कोणी विचारील. फुग्याचा वेग सर्वकाळ सारखा नसतो. आरंभी तो जास्त असतो, मध्ये मंदावतो आणि संपता संपता पुन्हा वाढतो. चोवीस तासांनी फुगा निम्मा दिसला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि निम्मा दिसला म्हणून निश्चिंत होण्याचेही नाही. डोळ्यांचा अंदाज इथे उपयोगाचा नाही.

हे काम कोणी करावे? माझ्या मते, औषधनिर्मात्याने. आपल्याकडे रुग्णालयातील फार्मासिस्टला आपण काउंटरवरचा दुकानदार करून टाकले आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने त्याला व्यवसायाची प्रतिष्ठा दिली, २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रमही देशात सुरू झाला. पण बहुतेक ठिकाणी त्याचे काम पावती पाहून पाकीट देणे एवढेच. औषधाची मात्रा, ते कशात मिसळले, कोणत्या पंपात भरले, तो पंप कोठे व किती दिवस होता, हे सर्व धागे ज्याच्या हाती एकत्र येतात असा रुग्णालयात तोच एक माणूस आहे. डॉक्टरांना उसंत नसते, परिचारिकांवर आधीच पाच कामे असतात. ज्याचा अभ्यास वाया जात आहे, त्याला हे काम व त्यासोबत अधिकार द्यावा. खेप नापास झाली तर ती परत पाठविण्याचा अधिकार. नाहीतर वही भरली जाईल आणि पंप तेच येत राहतील.

अधिकाराचा प्रश्न खरेदीशी जाऊन भिडतो. निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम, हा नियम खडीला आणि सिमेंटला ठीक असेल. पंपाच्या निविदेत ‘साठवणुकीनंतरच्या प्रवाहचाचणीचा निकाल’ ही अट घालण्यास कोणाची हरकत असावी? वैद्यकीय उपकरणांसाठीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. हे स्वागतार्ह आहे. पण या नियमांचा रोख निर्माता, आयातदार आणि विक्रेता यांच्यावर आहे. माल रुग्णालयाच्या दारात उतरला की पुढचे रुग्णालयाच्या सद्सद्विवेकावर. उपकरणांतील दोषांची नोंद घेणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम ६ जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. गुरुजींच्या पंपाची तक्रार तेथे जाऊ शकली असती. पण लिहिणार काय? वजन नाही, खेप क्रमांक नाही, पंपही नाही.

स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीही येथे थोडे कठोर व्हावे, असे मला वाटते. हे पंप आपल्याच देशात बनावेत, स्वस्त व्हावेत, ही इच्छा योग्यच आहे. मात्र देशी पंपाला केवळ देशी म्हणून गुण देऊ नयेत. वऱ्हाडच्या मे महिन्यातील उष्मा सोसून जो फुगा ठरलेल्या वेगाने चालेल, तो जगातील कोणत्याही उष्ण देशात खपेल. त्यासाठी रुग्णालयांनी आपल्या वहीतील आकडे देशी निर्मात्यांपुढे ठेवले पाहिजेत, आणि निर्मात्यांनी ते न रुसता स्वीकारले पाहिजेत.

आता थोडे आपल्या घरातले. परळच्या टाटा रुग्णालयाच्या परिसरात नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या संस्था गावोगावच्या कर्करुग्णांना आसरा देतात. शहरोशहरी रुग्णसाहित्य केंद्रे चालतात. खाटा, चाकांच्या खुर्च्या, प्राणवायूची यंत्रे तेथून गरजूंना मिळतात. यांतून हजारो कुटुंबांना आधार मिळतो. पण सेवेच्या ओघात एक सवय आपल्यालाही लागली आहे. कोणी दिवंगत नातेवाइकांचे उरलेले साहित्य आणून देतो, आपण ते कृतज्ञतेने घेतो, कपाटात ठेवतो आणि पुढच्याला देतो. खाटेच्या बाबतीत हे चालते. न वापरलेला, पाकिटबंद केमो पंप कोणी श्रद्धेने आणून दिला तर? तो कोणाच्या घरी, कोणत्या माळ्यावर, किती उन्हाळे पडून होता, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. असा पंप स्वीकारू नये, असे मी स्पष्ट म्हणतो. देणाऱ्याला वाईट वाटेल. त्याला समजावून सांगावे आणि त्याऐवजी रुग्णालयाच्या औषध भांडारास एक चांगला तराजू देण्याची विनंती करावी. धर्मशाळेतील कार्यकर्त्यांनाही एक काम करता येईल : पंप लावून आलेल्या रुग्णाची चिकटपट्टी जागेवर आहे ना, हे सकाळ-संध्याकाळ विचारणे आणि पंप संपल्याची वेळ लिहून देणे. निरक्षर रुग्णाला ते एकट्याने जमणारे नाही.

हळू चालणाऱ्या पंपाने मोठेसे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. औषध कमी गेले तर उपचाराचे बळ कमी होते आणि ते रुग्णाला कधीच कळत नाही. रोग उलटला तर तो नशिबाच्या माथी मारला जातो. वेगाने गेले तर तोंड येते, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी घटतात, क्वचित हृदयाला झटका बसतो. अतिमात्रेवर युरिडीन ट्रायॲसिटेट हा उतारा अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये मान्य झाला. पण तो औषध संपल्यापासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. पंप केव्हा संपला हेच माहीत नसेल, तर हे ९६ तास कोठून मोजावयाचे?

गुरुजींनी आपला मार्ग स्वतःच काढला. चौथ्या खेपेपासून त्यांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटात रकाने आखले : पंप जोडला, पंप संपला, खोलीतील उष्णता, चिकटपट्टी. चौथ्या खेपेला ४४ तास लागले, पाचव्या खेपेला ५१, सहाव्या खेपेला ४७. परिचारिकेकडून पाकिटावरील खेप क्रमांकही त्यांनी आग्रहाने लिहून घेतले. त्या पानांची प्रत त्यांच्या मुलीने रुग्णालयाच्या औषध भांडाराला नेऊन दिली. तेथील तरुण फार्मासिस्टने ती दोनदा वाचली, आणि पुढच्या खेपेचा पंप भरून झाल्यावर तराजूवर ठेवला. त्या भांडारात तराजू होता. तो गोळ्या मोजण्यासाठी आणलेला होता.